राजवाड्यातील कार्यशाळा : तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची वाटचाल

१९७३ साली त्रावणकोरच्या राजघराण्याने तिरुअनंतपुरममधली एक बहुमजली इमारत केरळच्या जनतेला दान केली. देणारे होते त्रावणकोरचे शेवटचे राजे श्री चित्रा तिरुनाळ बलराम वर्मा, आणि घेणारे मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन, म्हणजे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे. असा योग केरळातच जुळून यावा. हे राजे तसे साधेसुधे नव्हते. १९३६ साली संस्थानातली देवळे सर्व हिंदूंना खुली करणारा जाहीरनामा त्यांचाच. चित्रकार राजा रविवर्म्याचे ते पणतू.

इमारत चांगली होती, पण तिचे करायचे काय? शेजारीच सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे मोठे रुग्णालय. आणखी एक सर्वसाधारण इस्पितळ काढण्यात काही हशील नव्हते. तेव्हा इथे विशेष उपचारांचे केंद्र करावे असे सरकारने ठरवले, आणि १९७४ मध्ये चाळिशीतल्या एका हृदयशल्यविशारदाला त्याचे संचालक नेमले. डॉ. मार्तंड वर्मा शंकरन वलियाथन हे त्यांचे नाव. पुढची वीस वर्षे या संस्थेचा इतिहास आणि या माणसाचा इतिहास वेगळा काढता येत नाही. स्मरणिकांमध्ये संस्थापकांची आरती ओवाळण्याची पद्धत असते हे मान्य, पण इथे ते टाळूनही नाव टाळता येणार नाही.

वलियाथन मूळचे मावेलिक्कराचे, जन्म १९३४. तिरुअनंतपुरमच्याच मेडिकल कॉलेजात शिकले, पुढे इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतले आणि नंतर अमेरिकेत जॉर्जटाउन विद्यापीठात डॉ. चार्ल्स हफनागेल यांच्या हाताखाली काम केले. हे शेवटचे महत्त्वाचे. १९५२ साली माणसाच्या शरीरात पहिल्यांदा कृत्रिम झडप बसवली ती या हफनागेल यांनी. पारदर्शक प्लास्टिकची नळी आणि तिच्यात वरखाली होणारी गोळी असे तिचे रूप होते, आणि ती हृदयात बसवता येत नसल्यामुळे खाली महारोहिणीत बसवली होती. शल्यविशारद स्वतः कार्यशाळेत जाऊन यंत्र घडवतो, मोडले की पुन्हा घडवतो, ही रीत वलियाथन यांनी तिथे पाहिली.

भारतात तेव्हा काय होते? हात होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयारोपणाची शस्त्रक्रिया केली. डॉ. बर्नार्ड यांच्या केपटाऊनमधल्या पहिल्या आरोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते, आणि जगातल्या मानवी आरोपणांत केईएमचा क्रमांक सहावा लागतो. रुग्ण काही तासांत दगावला. तरी महापालिकेच्या इस्पितळात हे धाडस करणारी माणसे होती, ही नोंद पुसली जात नाही. कमतरता होती ती त्या हातांत द्यायच्या वस्तूंची. झडप परदेशातून, ऑक्सिजनेटर परदेशातून, कॅथेटर परदेशातून. विमानाने पेटी आली की शस्त्रक्रिया, नाही आली की तारीख पुढे. आणि किंमत डॉलरमध्ये. शल्यविशारदाची फी माफ होऊ शकते, झडपेचे पैसे कोण माफ करणार?

म्हणून वलियाथन यांनी रुग्णालयाच्या जोडीला कार्यशाळा मागितली. १९७६ मध्ये रुग्णालयाचे उद्घाटन नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष पी. एन. हक्सर यांच्या हस्ते झाले. कार्यशाळेसाठी जागा मिळाली ती रुग्णालयापासून काही किलोमीटरवर, पूजप्पुरा भागातल्या सॅटेलमंड राजवाड्यात. हा राजवाडा महाराणी सेतु लक्ष्मीबाईंचा. त्याही रविवर्म्याच्या नात. ज्या रविवर्म्याचे लक्ष्मी-सरस्वतीचे शिळाछाप लोणावळ्याजवळच्या मळवलीच्या छापखान्यातून निघून आपल्याकडच्या घराघरांत पोहोचले, त्याच्या नातीच्या दिवाणखान्यांच्या आवारात आता लेथ, सूक्ष्मदर्शक आणि प्राण्यांवरच्या शस्त्रक्रियांची खोली आली. जैववैद्यकीय तंत्रज्ञान विभाग असे त्याचे नाव ठेवले गेले. धातुशास्त्रज्ञ, यांत्रिकी अभियंते, बहुवारिकांचे रसायनतज्ज्ञ, पशुवैद्यक अशी माणसे तिथे रुजू झाली. हृदयरोगाच्या संस्थेत ही माणसे काय करणार, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला असेल.

१९८० साली संसदेने कायदा करून हिला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले. त्या कायद्याने संस्था केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाखाली गेली, आरोग्य मंत्रालयाखाली नाही. वरकरणी ही कारकुनी बाब वाटते, पण माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. आरोग्य खात्याच्या हिशेबात रुग्णालयाचे यश मोजतात ते खाटा, बाह्यरुग्ण आणि शस्त्रक्रियांच्या आकड्यांत. दहा वर्षे पैसे खर्च करून तीनदा नापास झालेली झडप त्या हिशेबात कुठे बसवायची? विज्ञान खात्याला फसलेल्या प्रयोगाची निदान ओळख असते.

आता झडपेकडे येऊ. ही स्मरणिका वाचणाऱ्यांपैकी काहींच्या छातीत ती कदाचित आत्ता उघडझाप करत असेल, त्यांनी हा भाग जरा सावकाश वाचावा.

आपल्याकडे झडपा खराब होण्याचे मोठे कारण म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप. शाळकरी वयात घसा धरतो, स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा संसर्ग असतो. दाटीवाटीची घरे, वेळेवर न मिळालेले पेनिसिलिन. शरीर जंतूंशी लढता लढता स्वतःच्याच ऊतींवर उलटते. सांधे सुजतात, दुखतात आणि बरेही होतात. हृदयाच्या झडपा मात्र पूर्ववत होत नाहीत. त्या जाड होतात, कडांना एकमेकींना चिकटतात, आकसतात किंवा गळू लागतात. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप यात सर्वाधिक सापडते. निरोगी माणसात तिचे तोंड चार ते सहा चौरस सेंटीमीटर उघडते. ते दीडच्या खाली गेले की जिना चढताना दम लागतो, आणखी खाली गेले की रात्री आडवे होता येत नाही, उशांना टेकून बसून रात्र काढावी लागते. काही जणांची झडप फुग्याने उघडता येते. पण चुना साचून दगड झालेली किंवा फार गळणारी झडप काढून नवी बसवण्यावाचून इलाज नसतो.

पाश्चात्त्य देशांत झडपेचे बरेचसे रुग्ण उतारवयातले असतात. आपल्याकडे वीस-पंचविशीतल्या मुली, नुकते कामाला लागलेले तरुण. डुकराच्या किंवा गायीच्या ऊतींपासून केलेली झडप म्हाताऱ्या माणसाला चालते, तरुण शरीरात ती लवकर झिजते आणि दहा-पंधरा वर्षांत छाती पुन्हा उघडावी लागते. म्हणून तरुणांसाठी धातूची, यांत्रिक झडप. तिचे काम पाहा. हृदय दिवसाला लाखभर वेळा धडधडते. वर्षाला साधारण पावणेचार कोटी. दहा वर्षांत सदतीस-अडतीस कोटी उघडझापी. तेही खाऱ्या, उबदार, सतत वाहत्या रक्तात, जिथे धातू गंजतो आणि प्लास्टिक फुगते. मध्ये तेलपाणी करायची सोय नाही, सुटा भाग बदलायची सोय नाही, आणि एकदा अडकली तर काही मिनिटांचा अवधी.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस संस्थेने कलत्या चकतीची झडप करायचे ठरवले. रचना अशी : धातूचे एक कडे, त्याला आतल्या अंगाने आलेले दोन वाकडे आकडे, आणि त्या आकड्यांमध्ये सैलसर अडकवलेली गोल चकती. रक्ताच्या रेट्याने चकती कलते, रक्त जाते, रेटा उलटला की ती परत कड्यावर बसते. कड्याभोवती पॉलिस्टरच्या कापडाची किनार असते, तिच्यातून टाके घालून झडप हृदयात शिवतात. सगळा जिन्नस वीस-तीस मिलिमीटरचा. ही कल्पना संस्थेची नव्हती. ब्यॉर्क-शायली ही अशीच झडप १९६९ पासून जगभर वापरात होती. प्रश्न होता कोणत्या धातूचे कडे, कोणत्या पदार्थाची चकती आणि कसे घडवायचे, हा. परदेशी कंपन्या चकतीसाठी पायरोलिटिक कार्बन वापरत. अणुभट्टीच्या इंधनाला लेप देण्याच्या संशोधनातून निघालेला हा काळा, गुळगुळीत, रक्ताला मानवणारा पदार्थ. तो बनवण्याचे तंत्र भारतात उपलब्ध नव्हते. तेव्हा दुसरे काहीतरी शोधणे भाग होते.

पहिली झडप टायटॅनियमची. मोठा आकडा कड्याला वेल्डिंगने जोडलेला, चकती पॉलिअ‍ॅसिटल प्लास्टिकची. चाचणीत ती जोडाशीच तुटली. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळचा धातू ठिसूळ झाला होता. इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. ब्यॉर्क-शायलीच्या एका सुधारित नमुन्यातही वेल्ड केलेले आकडे तुटत गेले, पण ते तुटले रुग्णांच्या हृदयात. जगभर माणसे दगावली, दावे चालले आणि १९८६ मध्ये तो नमुना बाजारातून काढून घेतला गेला. चित्रा संस्थेच्या झडपेचा जोड यंत्रावर तुटला. वेल्डिंगवर भरवसा ठेवायचा नाही, कडे आणि आकडे एकाच ठोकळ्यातून कोरून काढायचे, असा तिथला पुढचा निर्णय.

दुसऱ्या नमुन्यात चकती नीलमाची होती. दागिन्यातला नीलम नव्हे, प्रयोगशाळेत वाढवलेला एकसंध स्फटिक. हिऱ्याच्या खालोखाल कठीण, काचेसारखा गुळगुळीत, रक्ताला न चिकटणारा. कागदावर याहून सरस चकती सुचणार नाही. पण आकडे टायटॅनियमचे होते, आणि टायटॅनियम घासला गेला की लवकर झिजतो. त्यावर नायट्राइडचा कठीण लेप देऊनही नीलमाने आकडे खाऊन टाकले. चकती जशीच्या तशी, आकडे बारीक.

मग धातू बदलला. हेन्स-२५ हा कोबाल्ट, क्रोमियम, टंगस्टन आणि निकेलचा मिश्रधातू, जेट इंजिनांतल्या तापलेल्या भागांसाठी वापरला जाणारा. कापायला महाकठीण. हत्यारांची धार जाते, पण एकदा आकार दिला की झिजत नाही. हेन्सचे कडे आणि नीलमाची चकती असा तिसरा नमुना यंत्रावरच्या चाचण्यांत उतरला. आता तो मेंढ्यांमध्ये बसवायला हरकत नव्हती. कृत्रिम झडप मेंढीत बसवणे म्हणजे माणसावर करायची तीच ओपन हार्ट शस्त्रक्रिया, हार्ट-लंग मशीनसह, आणि नंतर मेंढी बरी होऊन चरू लागेपर्यंतची शुश्रूषा. संस्थेतले लोक या मेंढ्यांवर महिनोन्‌महिने लक्ष ठेवत. त्यांतली एक मेंढी अचानक मेली. शवविच्छेदनात सापडली तडकून फुटलेली नीलमाची चकती. काठिण्य म्हणजे चिवटपणा नव्हे. स्फटिकात एखादी सूक्ष्म भेग आधीपासून असली की लाखो आघातांनंतर ती एका क्षणात आरपार जाते, आधी सूचना देत नाही.

इथे संस्थेपुढे दोन पर्याय होते, आणि त्यांतला एक बहुतेक ठिकाणी निवडला जातो. एकच मेंढी तर मेली, बाकीच्या ठणठणीत आहेत, चकतीचा हा तुकडाच सदोष असेल, पुढे चला. इतकी वर्षे, इतका सरकारी पैसा खर्च झालेला, टीकाकार दाराशी. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, यांत अभियंते जी. एस. भुवनेश्वर यांचे नाव आवर्जून घ्यायला हवे, नीलम टाकून दिला.

चौथी चकती साध्या दिसणाऱ्या पांढऱ्या प्लास्टिकची होती. अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात कृत्रिम खुब्याच्या सांध्यात वापरून त्याचा टिकाऊपणा सिद्ध केला होता. ते पाणी पीत नाही, त्यामुळे फुगत नाही. तडकत नाही. झिजते, पण फार हळू, आणि चकती आकड्यांमध्ये स्वतःभोवती फिरत राहात असल्यामुळे झीज एकाच जागी न होता सगळ्या काठावर वाटली जाते. शिवाय प्लास्टिकच असल्यामुळे धातूवर बसताना आवाज कमी. यांत्रिक झडप बसवलेल्या माणसाला रात्रीच्या शांततेत स्वतःच्याच छातीतली टिकटिक ऐकू येते, नवराबायकोपैकी एकाला झडप आणि दुसऱ्याला जागरण असा प्रकार असतो. त्या मानाने ही झडप पुष्कळ सौम्य बोलते. नीलमाच्या तुलनेत प्लास्टिक म्हणजे उतरती पायरी असे कुणालाही वाटले असते. पण हेन्सचे कठीण आकडे आणि पॉलिएथिलीनची मवाळ चकती ही जोडी जमली. यंत्रावर कोट्यवधी उघडझापींच्या वेगवान चाचण्या, मग मेंढ्या, मग पुन्हा मोजणी.

६ डिसेंबर १९९० रोजी श्री चित्रा संस्थेत ही झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. काम सुरू झाल्याला एक तप लोटले होते.

त्यापुढचा भाग अभियांत्रिकीचा नव्हता, आणि मला वाटते तोच जास्त अवघड होता. देशातल्या शल्यविशारदांनी ही झडप वापरायची का? त्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. टेबलावर रुग्ण आहे. एका हाताला वीस वर्षे वापरात असलेली अमेरिकन झडप, दुसऱ्या हाताला तिरुअनंतपुरमची. रुग्ण पुढे दगावला तर पहिल्या बाबतीत तो आजाराचा दोष, दुसऱ्या बाबतीत तुमचा. स्वदेशीचा अभिमान सभेत ठीक असतो, छाती उघडल्यावर नाही. त्यावर उपाय एकच होता, इतर शहरांतल्या रुग्णालयांना चाचणीत सामील करून घेणे आणि बसवलेल्या प्रत्येक झडपेचा पाठपुरावा करणे. रुग्ण आला, नाही आला, पत्र पाठवले, उत्तर आले, गुठळी झाली, रक्तस्राव झाला, सगळे नोंदवायचे. हे कंटाळवाणे काम काही वर्षे चालले आणि त्यावर झडपेची पत उभी राहिली. लक्षात घ्या, त्या वेळी भारतात शरीरात बसवायच्या उपकरणांसाठी वेगळा कायदाच नव्हता. हृदयझडपा, स्टेंट यांना औषध कायद्याच्या कक्षेत आणणारी अधिसूचना आली २००५ मध्ये, वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम २०१७ मध्ये. म्हणजे कायद्याने विचारले नसतानाही या लोकांनी स्वतःची परीक्षा स्वतः घेतली.

उत्पादन हाती घेतले चेन्नईच्या टीटीके समूहाने. तोच समूह, ज्याचा प्रेस्टिज कुकर आपल्या स्वयंपाकघरात शिट्ट्या देतो. झडपेचा कारखाना मात्र तिरुअनंतपुरमजवळच उभारला, शास्त्रज्ञ हाकेच्या अंतरावर असावेत म्हणून असेल. ‘टीटीके चित्रा’ या नावाने ती १९९० च्या दशकाच्या मध्यापासून बाजारात आली, परदेशी झडपांपेक्षा बऱ्याच कमी किमतीत. आजवर एक लाखाहून अधिक झडपा बसवल्या गेल्या आहेत. यांतल्या किती जणांना ती नसती तर झडपच मिळाली नसती, हा आकडा कुठल्याच अहवालात सापडणार नाही.

झडप बसली म्हणजे संपले, असे मात्र नाही. यांत्रिक झडपेवर रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. मात्रा कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. त्यासाठी दर काही आठवड्यांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, तपासायचा. तालुक्याच्या गावापासून वीस किलोमीटरवर राहणाऱ्या बाईला हे कितपत जमते? गरोदरपणात तर ही गोळी आणखीच पेच निर्माण करते. हेन्सचा मिश्रधातू पन्नास वर्षे टिकेल हो, पण महिन्याची तपासणी चुकली तर झडप टिकून उपयोग काय. झडपेचे तंत्रज्ञान जिथे संपते तिथून पुढची ही गोष्ट गावपातळीवरच्या दवाखान्याची आहे, आणि ती अजून अर्धवट आहे.

संस्थेची दुसरी मोठी देणगी हृदयापासून दूरची वाटेल, पण हृदयाची एकही मोठी शस्त्रक्रिया तिच्याशिवाय होत नाही. ती म्हणजे रक्ताची पिशवी. आपल्याकडे पूर्वी रक्त काचेच्या बाटल्यांत घेत. बाटल्या फुटत, धुऊन पुन्हा वापराव्या लागत, रक्त देताना आत हवा सोडावी लागे आणि ती हवा रुग्णाच्या शिरेत जाण्याचा धोका असे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाटलीतल्या रक्तातून लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट असे घटक वेगळे काढणे जिकिरीचे. मऊ पिशव्या जोडून घेतल्या की एका माणसाचे रक्त तिघांच्या उपयोगी पडते. संस्थेने पीव्हीसीच्या पिशवीचे तंत्र विकसित केले. पिशवी म्हणजे काय मोठेसे, असे वाटते खरे. पण प्लास्टिक मऊ ठेवणारा पदार्थ रक्तात किती उतरतो, निर्जंतुक करताना शिवण उसवते का, पेशी पाच आठवडे जिवंत राहतात का, असे शंभर प्रश्न तिच्यात दडलेले असतात. प्रशासकीय सेवेची नोकरी सोडून उद्योगात उतरलेल्या सी. बालगोपाल यांनी तिरुअनंतपुरममध्येच पेनिन्सुला पॉलिमर्स ही कंपनी काढून त्या पिशव्या बनवायला सुरुवात केली. पुढे जपानच्या तेरुमो कंपनीशी भागीदारी झाली आणि तेरुमो पेनपोल हे नाव जगातल्या मोठ्या रक्तपिशवी उत्पादकांत जाऊन बसले.

ऑक्सिजनेटर, कृत्रिम रक्तवाहिनीचे कापड, मेंदूतले पाणी वळवणाऱ्या नळ्या, दातांत भरायचे पदार्थ अशी पुढची यादी लांबलचक आहे. ती इथे देत नाही, संस्थेच्या वार्षिक अहवालात ती मिळते. मेंदूविकार विभाग आणि त्यातले अपस्माराचे केंद्र हा तर स्वतंत्र लेखाचा विषय.

एका आजाराविषयी मात्र सांगायलाच हवे, कारण त्यावर यंत्राने मात केली नाही. एंडोमायोकार्डियल फायब्रोसिस. हृदयाच्या आतल्या अस्तराखाली चामड्यासारखा जाड थर चढतो, कप्पे ताणले जात नाहीत, रक्त भरत नाही, पोटात पाणी होते. युगांडात १९४० च्या दशकात याचे पहिले वर्णन झाले, आणि भारतात तो मुख्यतः केरळच्या किनाऱ्यावरच्या गरीब मुलांत दिसे. चित्रा संस्थेत तो थर सोलून काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. पण वलियाथन यांना छळत होता तो ‘इथेच का’ हा प्रश्न. कोल्लमच्या किनाऱ्यावरची काळी वाळू मोनाझाइटची, म्हणजे थोरियम आणि सेरियमने भरलेली. या मातीत वाढणारे कंद, त्यातही टॅपिओका, हे गरिबाचे मुख्य अन्न. आपला उपासाचा साबुदाणा ज्यापासून होतो तोच हा कंद. रुग्णांच्या हृदयाच्या ऊतींत थोरियम आणि सेरियम जास्त आढळले, मॅग्नेशियम कमी. कुपोषणाने मॅग्नेशियम घटलेल्या शरीरात सेरियम घात करतो, अशी उपपत्ती त्यांनी मांडली. ती निर्विवाद सिद्ध झाली असे म्हणता येत नाही. दरम्यान केरळात राहणीमान सुधारले, मुलांच्या ताटात मासे, डाळ, भाज्या आल्या आणि आजार जवळजवळ दिसेनासा झाला. झडप घडवणाऱ्या संस्थेने मातीची आणि कंदमुळांची तपासणी करावी, हे मला तिच्या स्वभावाशी अगदी सुसंगत वाटते.

त्याच स्वभावातून तिसरा विभाग निघाला. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करणारे अच्युत मेनन केंद्र. १९९२ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, आणि इमारतीचे दान स्वीकारणाऱ्या मुख्यमंत्र्याचे नाव त्याला मिळाले. राजाचे नाव रुग्णालयाला, कम्युनिस्टाचे लोकारोग्याला. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांचा केरळातल्या हृदयरोगाशी असलेला संबंध हा या केंद्राच्या अभ्यासाचा कायमचा विषय. झडपांचे रुग्ण कमी होत चालले आणि धमन्या तुंबलेल्यांचे वाढत चालले, तेव्हा हा विभाग किती वेळेवर सुरू झाला ते कळले.

वलियाथन १९९४ मध्ये निवृत्त झाले, मणिपाल विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि मग चरक, सुश्रुत, वाग्भट यांच्या संहितांच्या अभ्यासात बुडाले. प्रत्येकावर एकेक ग्रंथ लिहिला. २००५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १७ जुलै २०२४ रोजी मणिपालमध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर संस्थेचा वेग तोच राहिला का, यावर तिथल्या जुन्या माणसांतही दुमत ऐकू येते. रुग्णांची रांग वाढत गेली, प्रतीक्षायादी लांबली, आणि रुग्णसेवा विरुद्ध संशोधन ही ओढाताण कुठल्याही अशा संस्थेला चुकत नाही. मला विचाराल तर जास्त खटकते ती वेगळीच गोष्ट. शल्यविशारद आणि लेथवरचा कारागीर एका संचालकाखाली ठेवण्याचा हा प्रयोग इतका यशस्वी ठरूनही देशात त्याची दुसरी आवृत्ती निघाली नाही. मुंबई-पुण्यात मोठी रुग्णालये आहेत, मोठे कारखाने आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालयांना तर तोटा नाही. त्यांच्यातली भिंत मात्र जागची हलत नाही.

त्या भिंतीला एक खिडकी पडली आहे, ती अलीकडची. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः भोक असेल तर पूर्वी छाती उघडून ते शिवावे लागे. आता मांडीच्या शिरेतून कॅथेटरने एक घडी केलेली जाळी आत नेतात, भोकाच्या दोन्ही बाजूंना ती उलगडते आणि भोक बुजते. ही जाळी नायटिनॉलची, म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या अशा मिश्रधातूची, जो दाबून घडी घातली तरी सोडल्यावर मूळ आकारात येतो. तिची भारतीय आवृत्ती श्री चित्रा संस्थेने बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजच्या सहकार्याने तयार केली, आणि २०२० मध्ये तिच्या निर्मितीचा परवाना दिला तो पुण्याच्या बायोरॅड मेडिसिस या कंपनीला. मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा बंद करणाऱ्या स्टेंटचे तंत्रही त्याच करारात होते. झडपेच्या वेळी मेंढीपासून बाजारापर्यंतचा रस्ता किती लांब होता ते वर आलेच आहे. आता त्या रस्त्यावर प्राण्यांवरच्या आणि माणसांवरच्या चाचण्यांसाठी २०१७ चे नियमही आहेत, आणि परवाना घेणाऱ्याला ते सगळे टप्पे पार करायचे आहेत.